घरामागच्या गावरान कोंबड्या कोल्ह्यापासून कशा वाचवाव्यात? रात्रभर दिवा लावावा की कुत्रा पाळावा?

आधी तो कोल्हाच आहे हे ठरवा. तुम्ही लिहिलंय की महिनाभरात चार कोंबड्या गेल्या, चारी बाजूंनी जाळी आहे आणि शेजारी म्हणतात कोल्हाच. शेजारी नेहमी कोल्हाच म्हणतात. आमच्या घरातले वडीलधारे जिभाऊही तेच म्हणाले होते. त्याला चौदा वर्षं झाली, अजून म्हणतात.

आमचं गाव गिरणेकाठी, भडगाव तालुक्यात. घरामागे खुराडं, त्यात सतरा कोंबड्या आणि एक कोंबडा. श्रावणातला कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाचा, रविवार होता. नैवेद्याचे रोट झाले होते, सगळे भाऊबंद जिभाऊंच्या ओट्यावर जमलेले, रात्रभर गाणी. खुराड्याची कडी लावायचं काम माझ्याकडे. मी ती लावली. परत लिहितो, कडी मी लावली आणि तिच्यात खिळाही अडकवला, कारण ती कडी धक्क्यानं निघायची.

सोमवारी सकाळी कानबाईला नदीवर न्यायची तयारी चालली होती आणि मागून मायची हाक आली. अकरा कोंबड्या मेलेल्या. कानबाई उठेपर्यंत मेलेल्याला कुणी हात लावायचा नाही असं मोठ्या काकूनं बजावलं, म्हणून मला नीट बघायला वेळ मिळाला. एकही खाल्लेली नव्हती. पाठी फाटलेल्या, पिसं पार गोठ्यापर्यंत. कडी जागेवर, खिळाही जागेवर. दाराच्या डावीकडे खाली मात्र जाळीला भगदाड. ती षटकोनी घरांची पातळ कोंबडी-जाळी. मातीला टेकते तिथे गंजून इतकी कुजलेली की तार चिमटीत धरली तरी तुटायची. तुटलेल्या तारा बाहेर वळलेल्या होत्या, म्हणजे कुणीतरी दातात धरून ओढल्या होत्या. चिखलात पंजे उमटलेले, दोन मापांचे, चारही बोटं सुटी. कोल्ह्याच्या पंजात मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागून जुळलेल्या असतात, कुत्र्याच्या सुट्या, हे मला पुढे एका वनरक्षकानं दाखवलं. त्या दिवशी एवढंच कळलं की ठसे गावाकडून आले होते, वावराकडून नाही.

जिभाऊंनी जाळीकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्या भाऊबंदांपुढे म्हणाले, "कडी कोनी लायेल व्हती? तूच ना? शिकेल पोऱ्या, पन ध्यान नही." आणि ती जाळी कुणी आणली होती? जिभाऊंनी, बाजारातून, स्वस्तात. मी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घेऊ म्हणत होतो, तर म्हणाले, "कोंबड्यासले काय किल्ला बांधना शे?"

तर जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्या. कोंबडी-जाळी कोंबड्या आत ठेवायला आहे, दुसऱ्याला बाहेर ठेवायला नाही. खालची कडा फूटभर जमिनीत गाडा, नाहीतर दोन फूट बाहेर पसरून तिच्यावर दगड ठेवा, कारण उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं. दाराखाली दोन बोटं फट असली तरी मुंगूस आत जाईल असं धरून चाला. मुंगसानं मारलं तर मान आणि डोकं खाल्लेलं असतं, धड तिथंच पडतं. कोल्हा आणि रानमांजर सहसा एक उचलतात आणि जातात, मागे पिसांची रेघ राहते. अंडी गायब आणि कोंबड्या शाबूत असतील तर घोरपड किंवा साप बघा. बरेच लोक खोकडालाही कोल्हा म्हणतात. ते बिचारं मांजरापेक्षा थोडंच मोठं, उंदीर-किडे खाऊन राहतं.

दिव्याचं विचारलंत. चार दिवस उपयोग होतो, मग जनावर त्या उजेडात निवांत येतं. अंधार पडायच्या आत कोंबड्या कोंडा आणि ऊन आल्यावर सोडा, ते दिव्यापेक्षा बरं. कुत्र्याबद्दल माझं मत आता तुमच्या लक्षात आलंच असेल. पिल्लापासून कोंबड्यांत वाढलेला असेल तर ठीक. गल्लीतल्या कुत्र्यांना भाकरी टाकून राखण होईल असं वाटत असेल तर माझ्या अकरा आठवा. आमच्या गल्लीत भाकरी कोण टाकायचं ते इथं लिहीत नाही.

विष घालायचा विचारही नको. जिभाऊंनी मेलेल्या कोंबड्यांत औषध भरून नाल्यावर टाकायचं ठरवलं होतं. मी त्या सगळ्या खड्ड्यात पुरल्या, वर चुना टाकला, त्यावरून आम्ही दोन महिने बोलत नव्हतो. कोल्हा, मुंगूस, रानमांजर, सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात. शिवाय केळीच्या बागेतले आणि कपाशीतले उंदीर तेच खातात.

आता खरं सांगायचं तर वेल्डमेश लावल्यावरही माझी तीन पिलं गेली. धामण पाण्याच्या पाइपच्या भोकातून आत आली होती. पिलं रात्री डाल्याखाली ठेवा आणि डाल्यावर वजन ठेवा. दिवसा घार आणि शिक्रा येतात, त्यांना वरून मासे धरायचं जुनं जाळं पुरतं. कोल्हाही कधीकधी एकापेक्षा जास्त मारतो, नाही असं नाही. पण तो सहसा अकरा मारून सगळ्या मागे ठेवून जात नाही. तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याला असाल, यावल-चोपड्याकडे, आणि ठसा तळहाताएवढा दिसला, तर बॅटरी घेऊन एकटे बाहेर पडू नका. वनविभागाला १९२६ वर फोन करा.

ते जाळीचं भगदाड मी कापून ठेवलंय, माळ्यावर खिळ्याला टांगलेलं आहे. जिभाऊंना आता नीट दिसत नाही, म्हणून हे उत्तर त्यांच्या नातवाला व्हॉट्सॲपवर पाठवतोय. तो मोठ्यानं वाचून दाखवेल.