शिवलेली का नेसलेली?

ए चिमणे,

तुझा व्हॉइस मेसेज ड्युटी संपल्यावर बसमध्ये ऐकला. ग्रुपमधल्या सगळ्या पोरींनी शिवलेली नऊवारी भाड्याने आणलीय आणि आजी म्हणतेय मी हाताने नेसवीन, तर आजी असा हट्ट का करते, आणि तोंडाला एवढा मेकअप कशाला, हेच विचारलंस ना? लिहूनच सांगते, फोनवर तू अर्ध्यातून पळतेस.

तुमचा डान्स कानबाई देवीच्या मिरवणुकीचा आहे ना. आपल्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, नारळाला डोळे काढून नथ घालून आजी तिला कशी सजवते ते तू बघितलंयस, आणि सोमवारी तिला नदीवर न्यायला निघाले की बाया वाजंत्रीपुढे नाचतात. आता आठव, त्यांच्यात आजीच्या वयाच्या बाया कशा नाचतात, पदर कमरेला खोचलेला, काष्टा घट्ट, तासभर नाचल्या तरी साडी पायात येत नाही की सुटत नाही. त्याच लुगड्यात त्यांनी जन्मभर कापूस वेचला, निंदणी केली, पाणी ओढलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, आणि एवढं सगळं कमरेच्या एका गाठीवर उभं असतं, मग मधला भाग दोन पायांतून मागे नेऊन खोचला की दोन्ही पाय वेगवेगळे मोकळे होतात, म्हणून फुगडी घालता येते, खाली बसून गिरकी घेता येते. आजीला हे माहितीये म्हणून ती म्हणते नेसलेलीच हवी. नेसवताना ती तुझी कंबर, तुझी उंची बघून प्रत्येक निरी घालणार, भाड्याची साडी कुणाच्या तरी मापाने शिवलेली असते, ढिली असली की पिना मारत बसा आणि घट्ट असली की खाली बसायच्या स्टेपला शिवण उसवते.

पण शिवलेलीला नावं ठेवू नकोस हं. तुला दोन डान्स असते आणि मध्ये पाच मिनिटांत कपडे बदलायचे असते तर मीच म्हटलं असतं शिवलेली आण. तुझा एकच डान्स आहे, वेळ आहे, तर नेसच. फक्त आजीचं आख्खं लुगडं तुला जड होईल, तुझ्या उंचीला सहावारीचा पण छान काष्टा बसतो, कपाटात माझी हिरवी सुती साडी आहे ती काढायला सांग. सिल्क नको, घसरतं. रंग चालेल का ते आधी तुमच्या ताईंना विचार, सगळ्या एका रंगात असतील तर आपण पण त्याच रंगात. आतून सायकलिंग शॉर्ट घाल, आणि पदराला खांद्यावर पिन ब्लाउजसकट लावायला सांग, नुसती साडीला लावली तर फाटते.

मेकअपचं असं आहे की स्टेजचे लाईट चेहऱ्याचा रंग खाऊन टाकतात. जवळून तुला आरशात जे भडक वाटतं ते शेवटच्या रांगेतून अगदी साधं दिसतं, आणि तिथे बसलेल्या माणसाला तुझे डोळे दिसले नाहीत तर तू हसतेयस का रुसलीयस त्याला कळणार कसं? म्हणून काजळ जाड आणि बाहेर ओढलेलं, भुवया गडद. जानेवारीत धुळ्याची थंडी तुला माहितीये, गाल कोरडे पडतात, तर आधी क्रीम लाव, पंधरा मिनिटं थांब, मग फाउंडेशन. नथ दाबाची घ्या, नाक टोचलेलं नाही ना तुझं, आणि दोन दिवस आधी घरी घालून बघ, खाज आली तर आग्रा रोडला दुसरी मिळेल. गजरा शेवंतीचा चालेल, मोगरा उन्हाळ्याचा, आता शोधत फिरू नका.

एका गोष्टीत मात्र मी आजीचं ऐकणार नाही, काचेच्या बांगड्या नकोत. फुगडीत हातावर हात आपटतो, एखादी फुटली तर तुकडा स्टेजवर पडतो आणि सगळ्या अनवाणी असता. हिरव्या मेटलच्या घाल, लांबून कुणाला फरक कळत नाही. आजीला मी सांगते, तू वाद घालू नकोस.

आणि कानामागे काजळाची तीट ती लावणारच, "पोरले नजर लागी जाई" म्हणून. लावू दे. मला पण लावायची प्रत्येक कार्यक्रमाला, आणि मला आवडायचं ते, कारण सगळी तयारी झाल्यावर शेवटचा हात तिचाच लागायचा.

घुंगरू नुसत्या पायावर बांधू नकोस, खाली सुती पट्टी गुंडाळ नाहीतर घोटा सोलतो. रविवारी साडी, घुंगरू, बांगड्या सगळं घालून दोनदा पूर्ण नाच आणि बाबांना मागून पण व्हिडिओ काढायला सांग, काष्टा सुटत असेल तर नेमका कुठून सुटतो ते मला बघायचंय. कार्यक्रमाच्या दिवशी मी सुट्टी मागून घेतलीये, दोहा अडीच तास मागे आहे, तुमचे चार वाजले की माझे दीड, तेव्हा आजी निऱ्या घालायला बसेल त्याच वेळी कॉल लावा.

तुझी,
मम्मी