रोज सकाळी पोट दुखणारं लेकरू आणि बुडणारी शाळा

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. चौथीतला मुलगा, चार महिन्यांपासून बेंबीभोवती दुखणं, अधूनमधून उलटी, तीन डॉक्टर, एक सोनोग्राफी आणि शाळेचे ३१ दिवस बुडालेले. सासूबाई म्हणतात नजर लागली, मुलाचे वडील म्हणतात नाटकं करतो, वर्गाच्या बाई म्हणतात असंच चाललं तर पुन्हा चौथीतच बसवावं लागेल. आता कुणाला दाखवावं, असं तुम्ही विचारलंय. चौथ्या डॉक्टरांकडे जायच्या आधी घरातच पंधरा दिवसांचं एक काम आहे, दुखण्याचं रोजचं टिपण ठेवायचं. ते सांगते, पण ज्या गोष्टींत एक दिवसही थांबायचं नाही त्या आधी.

दुखण्यानं तो रात्री झोपेतून उठतो का? वजन उतरलंय का, किंवा वर्षभरात उंची-वजन वाढलंच नाही असं झालंय का? शौचात रक्त, हिरवी उलटी, रेंगाळणारा ताप, सांध्यांचं दुखणं, लघवीला जळजळ, यातलं काही आहे का? बेंबीपासून लांब, एकाच ठिकाणी दुखतं का? यातलं एक जरी 'हो' असेल तर माझं पुढचं वाचत बसू नका, सरळ बालरोगतज्ज्ञांना गाठा. तुम्ही कळंबकडच्या, म्हणजे अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज काही फार लांब नाही. आणि दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलं, लेकरू वाकून चालायला लागलं, पोटाला हात लावू देईना, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी निघायचं. अपेंडिक्स सकाळची वाट बघत नाही.

यातलं काहीच नसेल तर आता माझ्या घरचं ऐका.

आम्ही लातूरचे. २०१६ साली माझी मुलगी दुसरीची परीक्षा देऊन तिसरीत जायची होती. तो उन्हाळा इथं कुणी विसरलेलं नाही. नळ आटलेले, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आणि आम्ही टँकरचं पाणी ड्रमात भरून दिवसेंदिवस पुरवत होतो. मे महिन्यात तिला जुलाब लागले ते थांबेचनात. शौचाच्या तपासणीत जिआर्डिया नावाचा आतड्यातला सूक्ष्म परजीवी निघाला, औषध झालं, जुलाब थांबले. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आठ-दहा दिवसांत रोज सकाळी पोट धरून बसायला लागली. मला वाटलं जुनंच दुखणं उलटलं. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून त्याच गोळ्या दोनदा आणून मी तिला दिल्या. तसं करायला नको होतं.

अजून डोळ्यापुढे आहे. उंबऱ्याशेजारच्या पायरीवर बसलेली, एका पायात बूट, दुसरा हातात, गुडघे पोटाशी घेतलेले. ओठावर घामाचे बारीक थेंब. रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवतोय. तुमच्या घरातल्यांना माझ्याकडून एवढं सांगा की तो घाम आठ वर्षांच्या लेकराला ठरवून आणता येत नाही. तपासणीत काही सापडलं नाही म्हणजे दुखत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. आतडं आणि मेंदू एकमेकांशी सतत बोलत असतात. एखाद्या मोठ्या जुलाबानंतर आतडं कित्येक महिने हळवं राहतं, आणि एरवी जाणवणारही नाही अशा हालचालीची लेकराला कळ लागते. शाळेची धास्ती असेल तर ती कळ वाढते. पण कळ खरीच असते.

ज्या डॉक्टरांनी आम्हाला वाटेवर आणलं, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शी रोज होते का?" मी पटकन हो म्हणाले. खरं म्हणजे मला माहीतच नव्हतं. आठ वर्षांचं लेकरू एकटं जातं, एकटं येतं, कोण बघतं? त्यांनी तिला झोपवलं, पोट चाचपलं आणि माझी दोन बोटं धरून तिच्या ओटीपोटाच्या डाव्या बाजूला टेकवली. आत कडक, लांबट गोळा लागत होता. मला गाठच वाटली, हात थरथरला. ते म्हणाले, "गाठ नाही, साठलेली शी आहे."

घरी येऊन मी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि रोजच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायला लागले. किती वाजता दुखलं, किती वेळ, त्याआधी काय खाल्लं, शी झाली का, कशी झाली. आणि पाण्याची बाटली किती रिकामी आली. नववा-दहावा दिवस येईतो उत्तर समोर होतं. दोन-तीन दिवस शी झालेली नसली की दुखायचं, आणि बाटली जशी जायची तशी भरलेली परत यायची.

रात्री अंथरुणात विचारलं तेव्हा हळूहळू सांगितलं. शाळेच्या संडासाला कडी नव्हती, आत पाणी नव्हतं. मुली जोडीनं जायच्या, एक आत, एक बाहेर दार धरून. एकदा दार धरणारी पळाली. त्या दिवसापासून हिनं जायचं सोडलं, आणि जावं लागू नये म्हणून पाणी प्यायचंही सोडलं. सकाळी घाईत व्हायचं नाही, दिवसभर दाबून धरायची. शी आत राहिली की आतडं तिच्यातलं पाणी शोषून घेतं. ती दगडासारखी होते, करताना दुखते, म्हणून लेकरू आणखी धरून ठेवतं. सकाळी चहा-नाश्ता पोटात गेला की आतडी हलायला लागतात, पुढे वाट अडलेली असते, आणि नेमकी शाळेच्या वेळेला कळ येते. आपण त्याला नाटक म्हणतो.

आणखी एक खूण सांगते, ही फार आयांच्या लक्षात येत नाही. चड्डीला सारखे डाग लागत असतील तर ते दर वेळी जुलाबच असतात असं नाही. अडकलेल्या कडक शीच्या बाजूनं पातळ पाझरतं. त्याला जुलाब समजून थांबायचं औषध दिलं की आतलं आणखी घट्ट होतं.

उपचार सोपा होता, धीर धरणं अवघड. शी मऊ करणारी, पाण्यात कालवून द्यायची पावडर होती, पॉलिइथिलीन ग्लायकॉलची. तीन आठवड्यांत मुलगी खेळायला लागली म्हणून मी ती बंद केली. दिवाळीपर्यंत पुन्हा पहिल्यासारखं. ताणलं गेलेलं आतडं मूळ मापावर यायला महिने लागतात, म्हणून औषध लांबवतात आणि डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचं असतं, हे तेव्हा समजलं. दुसऱ्या खेपेला सहा महिने दिलं. सवय लागण्याची भीती शेजारणींनी पुष्कळ घातली, तसं काही झालं नाही. सकाळी अर्धा तास आधी उठवायचं, खाणं झालं की दहा मिनिटं संडासात बसवायचं, झाली तर ठीक, नाही झाली तर रागवायचं नाही. चहा-खारी बंद, त्याऐवजी कालची भाकर दुधात किंवा धपाटं. पेरू, केळी, वरणात मूठभर पालेभाजी. दुधाचे दोन मोठे पेले पिऊन ती जेवायचीच नाही, म्हणून एकच पेला ठेवला. एरंडेल मात्र आपल्या मनानं पाजू नका, आधीच कळ असलेल्या पोटात ते आणखी मुरडा आणतं.

तुमच्या मुलाचं हेच असेल असं मी म्हणत नाही. पंधरा दिवसांच्या टिपणात दुसरंच काही दिसेल. दूध प्यायलं की गुबारा धरतो, पाच रुपयांच्या मसालेदार पाकिटानंतर उलटी होते, किंवा सुट्टीत दुखत नाही आणि सोमवारी दुखतं. शेवटचं असेल तर रागवू नका, शाळेत काय होतंय ते हळूच विचारा. काहीच नाही सापडलं तरी ते टिपण डॉक्टरांपुढे ठेवा. तीन फायलींपेक्षा त्यांना त्याचा जास्त उपयोग होईल.

सोनोग्राफीत 'पोटात गाठी' आल्यात म्हणून तुम्ही घाबरलात. आपल्याकडे या एका ओळीनं कितीतरी घरांची झोप उडवली आहे. आतड्याच्या पडद्यात लिम्फच्या लहान गाठी सगळ्यांनाच असतात. धडधाकट लेकरांतही त्या दिसतात आणि सर्दी-तापानंतर थोड्या फुगतात. रिपोर्टवर आकार लिहिलेला असतो तो बघा. आठ-दहा मिलिमीटरच्या आतल्या असतील आणि वजन, ताप, भूक यांची तक्रार नसेल तर बहुतेक वेळा त्यांना काही करावं लागत नाही. तेवढ्या एका ओळीवर कुणी सहा महिन्यांची टीबीची औषधं सुरू करायला सांगितली तर 'पुरावा काय' असं नक्की विचारा आणि दुसरं मत घ्या. खरोखर टीबी निघाला तर मात्र कोर्स एक दिवसही चुकवू नका.

जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळेत, अंगणवाडीत मिळते, तुमच्या मुलाच्या वयाला अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक, चावून खायची. तो नेमका त्या दिवशी घरी असेल तर आशाताईंना विचारा. पण त्या एका गोळीनं जिआर्डिया जात नाही, त्याची तपासणी आणि औषध वेगळं.

पाण्याबद्दल आपल्या भागात कितीही सांगितलं तरी थोडंच. तुरटी फिरवली की पाणी निवळतं, त्यातले जंतू मरत नाहीत. जारचं पाणी गार असतं म्हणून शुद्ध असतं असं नाही. मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनचे, थेंब चांगलेच, पण जिआर्डिया क्लोरीनला सहजी दाद देत नाही. म्हणून लेकराचं प्यायचं पाणी खळखळा उकळी येऊन मिनिटभर उकळलेलं, झाकलेलं, आणि ओगराळ्यानं काढलेलं. पेला हातासकट हंड्यात बुडाला की उकळणं वाया गेलं. जुलाब लागलेच तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात एकदम कालवायची, पेल्या-पेल्यात चिमूट टाकायची नाही, आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक १४ दिवस पूर्ण करायचं.

आता शाळा. दुखणं पूर्ण थांबलं की पाठवू, असं म्हणून मी दीड महिना घालवला. जितके दिवस घरी, तितकं परत जाणं जड. अभ्यास मागे, मैत्रिणी दुसऱ्या झालेल्या, आणि त्या विचारानंच पोटात गोळा. शेवटी मधल्या सुट्टीपर्यंतची शाळा सुरू केली. दुखलं तरी जायचं, उशीर झाला तरी जायचं. ताप किंवा उलटी असेल तरच घरी, आणि घरी राहिली तर टीव्ही-मोबाईल नाही, अंथरूण आणि पुस्तक. शिक्षा म्हणून नाही, घरचा दिवस शाळेच्या दिवसापेक्षा गोड होऊ नये म्हणून. आणि "दुखतंय का, आता दुखतंय का" हे विचारणं मी सोडलं. विचारलं की लेकराचं लक्ष पोटातच जातं. पाच आठवड्यांनी ती पूर्ण वेळ बसायला लागली.

बाईंना भेटा, पण भांडायला नको. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लेखी अर्ज द्या. त्यात तीन गोष्टी मागा. तास चालू असतानाही संडासला जायची मुभा, बाटली बाकावर ठेवायची परवानगी, आणि पोट दुखलं की लगेच घरी फोन न करता वीस मिनिटं वर्गातच मागे बसवणं. पुन्हा चौथीत बसवण्याची भीती मनातून काढा. शिक्षण हक्क कायद्यानं चौथीच्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येत नाही, आपल्या राज्यात तो प्रश्न पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेलाच येतो. संडासची अवस्था वाईट असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात, त्यातल्या कुणाला तरी तुम्ही ओळखत असालच. आमच्याकडे चार आया मिळून गेलो तेव्हा आठवड्यात कडी बसली. पाण्याला वर्ष लागलं.

सासूबाईंना दृष्ट काढू द्या, बेंबीला हिंग लावू द्या, त्यानं काही बिघडत नाही आणि त्यांचाही जीव लेकरातच अडकलाय. फक्त पोटाला बिब्बा घालू देऊ नका. त्याचं तेल कातडी जाळतं, फोड येतात, आणि आतलं दुखणं आहे तिथंच राहतं.

उद्या दप्तर भरताना त्याच्या बाटलीवर पेनानं अर्ध्यावर एक रेघ मारा आणि संध्याकाळी पाणी कुठवर आहे ते बघा. टिपणाची पहिली नोंद तीच करा.