धार्मिक प्रथेवरची माझी पोस्ट लोकांनी गटानं रिपोर्ट केली, आता पोलिसात जाऊ म्हणतात. काढून टाकू का?

काढू नका. निदान त्यांच्या सांगण्यावरून तरी नाही.

तुमच्या समाजातल्या एका प्रथेवर तुम्ही लिहिलंत, लोकांनी मिळून रिपोर्ट केलं आणि आता ‘भावना दुखावल्या’ म्हणून तक्रारीची धमकी येतेय. इंटरनेटवर धर्माबद्दल बोलायचं स्वातंत्र्य नक्की किती, असंही तुम्ही विचारलंय. प्रथा कोणती, धर्म कोणता, ते तुम्ही सांगितलं नाहीत. त्यानं फारसा फरक पडत नाही, धमकीची भाषा सगळीकडे एकच असते. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा बहुतेकांनी ‘कशाला वाद, काढून टाक’ असंच सांगितलं होतं. त्या सल्ल्याचा मला आजही राग येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

वडील गेले. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवला, पुरुषमंडळी उठली आणि बायकांनी आईला बाजूला घेतलं. आत्यानं दगड उचलला. आईच्या हातात रोजच्याच हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. हात सुजल्यामुळे त्या मनगटात रुतल्या होत्या. आत्या वाईट बाई नाही. तिच्या बांगड्याही कुणीतरी अशाच फोडल्या होत्या. मी आईचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. ‘रीत आहे ती’, ‘असं अर्धवट ठेवत नाहीत’, चारी बाजूंनी सुरू झालं. आई हळूच म्हणाली, “असू दे गं, लोक बघतायत.” मी म्हटलं, बघू देत. बांगड्या फुटल्या नाहीत, कुंकूही पुसलं गेलं नाही.

हे सगळं मी नंतर आईला विचारून लिहिलं. फोटो फक्त तिच्या हातांचा. देवाधर्माला, भटजींना एक वावगा शब्द नव्हता. उलट आमच्या घरात वारी आहे, ज्या विठ्ठलापुढे आई रोज हात जोडते त्यानं तिच्या कपाळाकडे बघून तिला कधी परतवलं नाही, असं लिहिलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं, तेही लिहिलं होतं. म्हणजे जे सरकारी कागदावर आहे, तेच मी आमच्या घाटावरून सांगत होते.

खाली बायका लिहायला लागल्या. एकीनं लिहिलं, तिची जोडवी निघेनात म्हणून साबण लावून ओढून काढली होती आणि बोट सोललं होतं. एकीला मुलाच्या लग्नात हळद लावू दिली नव्हती, ती मांडवाच्या मागे जेवणाची ताटं मोजत बसली होती. काहीजणींनी आपल्याबद्दल असं चारचौघांत पहिल्यांदाच लिहिलं होतं, तसं त्या म्हणतही होत्या.

मग भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या पोस्टची लिंक पडली. सोबत एकच ओळ: ‘सगळ्यांनी रिपोर्ट मारा.’ टाकणारा माझा चुलतभाऊ. सकाळी पोस्ट नव्हती. ‘नियमांचं उल्लंघन’ एवढाच निरोप. कुठला नियम, कुठलं वाक्य, काही नाही. माझं लिखाण माझ्याकडे होतं, ते गेल्याचं दुःख नाही. पण त्या बायकांनी लिहिलेलं सगळं पोस्टबरोबर पुसलं गेलं आणि ते कुणाकडेच नव्हतं. हे मला अजून पचलेलं नाही. म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं: पोस्ट अजून जागेवर असेल तर आत्ताच प्रतिक्रियांसकट, तारीख आणि लिंक दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. धमक्यांचेही घ्या.

दोन दिवसांनी पोलिस ठाण्यातून फोन आला, “ताई, जरा येऊन जा.” त्याच चुलतभावानं अर्ज दिला होता. तिथे कुणी अरेरावी केली नाही, पण समोर कोरा कागद ठेवून ‘माफीनामा लिहून द्या, विषय इथेच संपवू’ असं सांगितलं. मी विचारलं, कुठल्या कलमाखाली? त्यावर उत्तर नव्हतं. मी लिहून दिलं नाही. अर्ज तसाच पडून राहिला, गुन्हा काही दाखल झाला नाही. ‘विषय संपवण्यासाठी’ म्हणून काहीही लिहून देऊ नका. उद्या तोच कागद तुमची कबुली म्हणून फिरवतील.

आता कायदा. मी वकील नाही, पण त्या दिवसांत एका वकील मैत्रिणीला धरून हे नीट समजून घेतलं. ‘धार्मिक भावना दुखावल्या’ म्हणून लावतात ते कलम म्हणजे जुन्या दंडसंहितेचं 295अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 299. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण त्यात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं’ हे शब्द आहेत आणि सगळं त्यावरच उभं आहे. हे कलम सर्वोच्च न्यायालयानं 1957 मध्ये टिकवलं ते याच आधारावर. 2017 मध्ये महेंद्रसिंग धोनीला एका मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवलं म्हणून झालेला खटला रद्द करताना तेच पुन्हा सांगितलं: नकळत किंवा निष्काळजीपणे कुणाच्या भावना दुखावल्या तर हे कलम लागत नाही. कुणाला वाईट वाटलं एवढ्यानं गुन्हा होत नाही, हेतू सिद्ध व्हावा लागतो.

मार्च 2025 मध्ये कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत एफआयआरआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य. ती 14 दिवसांत उरकायची असते. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, धीट, समजूतदार माणसाच्या मापानं. ज्याला जिथेतिथे धोका दिसतो त्याच्या मापानं नाही, असंही म्हटलं. हे माप आपल्याकडचंच. नागपूर उच्च न्यायालयात न्या. विवियन बोस यांनी ते स्वातंत्र्याच्या आधी घालून दिलं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराबद्दलचं जुनं कलम, कुणी दाखवलं तर ते 24 मार्च 2015 पासून अस्तित्वात नाही. पालघरच्या दोन तरुणींना 2012 मध्ये बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यानंतर ते प्रकरण कोर्टात गेलं आणि श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द झालं. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी लोक विसरतात: वापरकर्त्यांनी तक्रार केली म्हणून कंपनीनं मजकूर काढलाच पाहिजे असं नाही. कायद्यानं सक्ती होते ती कोर्टाच्या आदेशानं किंवा सरकारच्या अधिकृत सूचनेनं.

मग पोस्ट उडते कशी? कंपनीच्या स्वतःच्या नियमांनी. तिथे हेतू वगैरे कुणी तपासत नाही. मराठी नीट वाचणारा माणूस तरी तिथे बसलाय का, याची मला शंका आहे. माझ्या मते आज खरी सेन्सॉरशिप हीच आहे: एका ग्रुपमधली माणसं अर्ध्या तासात जे करून दाखवतात, ते कोर्टात त्यांना कधी जमलं नसतं. यावर अपील करता येतं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, तिथे न्याय मिळाला नाही तर 30 दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे, ऑनलाइन. खेटे घालावे लागतात, पण करा.

काही गोष्टी राहिल्या. दुसऱ्यांच्या देवांची, प्रेषितांची टिंगल करून दंगा पेटवायचा असेल तर माझ्याकडे मदत मागू नका. मारहाणीची धमकी असेल तर आधी स्वतःला जपा. तात्पुरती पोस्ट लपवलीत तरी मी तुम्हाला भित्रे म्हणणार नाही. माझी नोकरी गावाबाहेर आहे, तुमची परिस्थिती मला माहीत नाही. आणि अर्ज कुणाच्या वशिल्याचा असेल तर वरचे सगळे निकाल माहीत असूनही हेलपाटे पडतात, वकिलाची फी द्यावी लागते.

पण तुमचाही कुणी भाऊ असेल आणि ‘घरातलं घरात मिटवायचं असतं’ म्हणत असेल, तर त्याला विचारा की घरात मिटवायला तो कधी उभा राहिला होता. माझा भाऊ घाटावर दहा पावलांवर पाठ करून उभा होता. आत्याच्या हातातला दगड त्याला दिसला नाही, माझी पोस्ट मात्र दिसली. अजूनही प्रत्येक कार्यात तो म्हणतो की मी भावकीचं नाव चव्हाट्यावर आणलं. भावकीच्या बाईवर पोलिसात अर्ज त्यानं दिला, मी नाही. पोस्ट मी पुन्हा टाकली आहे, त्याच शब्दांत, त्याच फोटोसह, आणि या वेळी त्याला टॅगही केलंय.