मुलीच्या हाती आग देण्याआधी

कराडहून एका वडिलांचं पत्र आलंय. मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आहे. मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला, सहामाहीत ६८ टक्के. गॅदरिंगच्या एकांकिकेत तिनं वाडा पेटतानाचा प्रसंग उभा केला आणि त्याचं गावात कौतुक झालं. वडील लिहितात, "मॅडम, एवढ्या टक्क्यांत चांगलं इंजिनिअरिंग कॉलेज काही मिळत नाही. पण पोरीला आगीच्या कामाचं अंग आहे. मी दोन कोल्ड पायरो मशिन, म्हणजे ठिणग्यांचे कारंजे उडवणारी, घेतली आहेत, हात धरला तरी भाजत नाही. गॅसवरचं ज्वाळांचं मशिनही बघून ठेवलंय. डिसेंबरात बंदिस्त सभागृहात ऐतिहासिक नाटक आहे, त्यातला राजवाडा जळायचा सीन तिच्याकडे दिलाय, ॲडव्हान्स घेतलाय. तेवढं एखादं शॉर्ट टर्म सर्टिफिकेट कुठे मिळेल ते सांगा, म्हणजे दुकानाच्या बोर्डावर लावता येईल."

खाली मुलीनं चार ओळी लिहिल्या आहेत. त्यांच्याकडे नंतर येते.

साहेब, टक्क्यांचं राहू द्या. नाटक म्हणजे थेरं, असं म्हणणारे आईवडील मला नेहमी भेटतात. तुम्ही त्यातले नाही, हे वाचून आधी बरं वाटलं. पण पत्र संपेपर्यंत बरं वाटेनासं झालं. दबाव काय फक्त "नको" म्हणूनच येतो का? "हो, आणि उद्यापासूनच" हाही दबावच आहे, आणि तो ओळखायला जास्त अवघड, कारण त्याला पाठिंबा म्हणतात. मशिन तुम्ही घेतलं, काम तुम्ही धरलं, ॲडव्हान्स तुमच्या खिशात आहे आणि सीन "तिच्याकडे दिलाय". तिला विचारलंत का, हे पत्रात कुठेच नाही. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत असते आणि तुमचा प्रयोग डिसेंबरात आहे, याचाही उल्लेख नाही.

आता जरा कडू बोलते. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबमध्ये बँडचं गाणं सुरू होताच स्टेजवर ठिणग्यांचे फवारे उडाले. भिंतींवर आवाज अडवायला फोम चिकटवला होता, त्यानं पेट घेतला. समोरचे काही जण तो कार्यक्रमाचाच भाग समजून बघत राहिले. १०० माणसं गेली. क्लबच्या मालकांना शिक्षा झाली, आणि ते फवारे उडवणारा बँडचा मॅनेजर, पंचविशीतला तरुण, चार वर्षं तुरुंगात जाण्याच्या शिक्षेला पात्र ठरला. त्याला कोणाला मारायचं नव्हतं, त्यानं नेहमीचं काम केलं होतं. तुमच्या प्रयोगात काही झालं तर पंचनाम्यात बटण दाबणारी म्हणून कोणाचं नाव लिहिलं जाईल? शिवाय स्फोटकाचं काम अठरा वर्षांखालच्या मुलीच्या हाती देणं कायद्यातही बसत नाही. आणि ही फक्त परदेशातली गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. ८ फेब्रुवारी १९८९ ला म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत मालिकेच्या सेटला आग लागून ६२ जण गेले, तिथे भिंतींना गोणपाट होतं. कापड, थर्माकोल, प्लॅस्टिकची फुलं हा तर तुमचा रोजचा माल. तो कसा भुरकन जातो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

कोल्ड पायरोबद्दलचा गैरसमज इतका पसरलाय की त्यावर थांबावंच लागेल. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीच्या दोन्ही बाजूंना ते चांदीचे कारंजे उडतात, लोक त्यात हात धरून फोटो काढतात, म्हणून ते निर्धोक, असा हिशेब असतो. मशिनमध्ये भरतात ती टायटॅनियमसारख्या धातूची भुकटी. मशिन ती तापवून वर उडवतं. कण बारीक असतात, म्हणून वर जाईपर्यंत बरेचसे निवतात आणि हाताला चटका बसत नाही. पण तोंडाशी ते चांगलेच तापलेले असतात, आणि तिथेच कोणीतरी झालर सोडलेली असते. भुकटी स्वतः ज्वालाग्राही आहे. सांडली, दमट झाली, चुकीची भरली तर मशिनमध्येच पेट घेऊ शकते, आणि पेटलेल्या धातूवर पाणी मारलं तर आग भडकते. तुमची पोरं पहिली धावतील ती बादली घेऊनच. गॅसच्या मशिनबद्दल तर एवढंच म्हणते की छताखाली, पडद्यांच्या गर्दीत, तालमीविना आणि अग्निशमन दलाला न कळवता ते लावायचा विचारसुद्धा करू नका. ते काम बंदिस्त जागेत करणारे लोक जगात आहेत. पण ते आधी कागदावर योजना मांडतात, ती मंजूर करून घेतात, आणि ऐन प्रयोगात बोट सतत बंद करायच्या बटणावर ठेवून उभे राहतात.

आता मुलीच्या ओळी. ती लिहिते: "तालमीला टेंभा पेटवायला परवानगी नव्हती, म्हणून आम्ही विंगेत खाली दोन हॅलोजन ठेवून त्यांच्यापुढे पुठ्ठा हलवत होतो. तेव्हा बघणारी मुलं खरंच घाबरली. गॅदरिंगला बाबांनी खरा टेंभा आणून दिला, तर मागच्या रांगेतली मुलं हसली."

बाळा, तू जे पाहिलंस ते या धंद्यातली बरीच वर्षं काढलेल्या माणसांनाही कधीकधी उमगत नाही. खरी ज्योत रंगमंचावर केवढीशी दिसते! डोळा तिच्याकडे जातो, मोजतो, आणि "एवढीच?" म्हणतो. वाडा जळतोय हे प्रेक्षकाला पटतं ते माणसांच्या चेहऱ्यावर खालून, बाजूनं थरथरणारा उजेड पडला आणि मागच्या भिंतीवर सावल्या वाकड्यातिकड्या पळाल्या की. पुढच्या वेळी हॅलोजनऐवजी एलईडी पार, म्हणजे रंगमंचाचे एलईडी दिवे, घे. हॅलोजन इतके तापतात की जवळचं कापड त्यांनीच पेटेल. दिवे निदान तीन आणि प्रत्येकाची चढउतार आपापल्या लयीत, कारण सगळे एकदम मिचकले की दिवाळीची माळ वाटते. पूर्ण विझू मात्र एकही देऊ नकोस. रंग अंबर (मधासारखा पिवळा) आणि नारिंगी ठेव, लाल अगदी थोडा. आणि उजेडाच्या आधी आवाज येऊ दे, लाकूड तडकल्याचा. प्रेक्षक मान वळवतो तेवढ्यात तू डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करायचं बटण, चढव. ज्वाळाच दाखवायच्या असतील तर हलक्या रेशमाच्या निमुळत्या पट्ट्या, खाली पंखा आणि त्याच्या बाजूला अंबर दिवा. मोठी, पंधरा-वीस फुटांची आग हवी असेल तर लांब फटीतून पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार वर सोडतात आणि खालून त्यांच्यावर प्रकाश टाकतात. लांबून ती भिंतच पेटल्यासारखी दिसते, आणि हात घातला तर ओला होतो.

ही युक्ती जुनीच आहे. १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या संगीतिकांसाठी वाफ सोडून तिच्यावर रंगीत प्रकाश टाकत, आणि ती वाफ जुन्या रेल्वे इंजिनांच्या बॉयलरमधून यायची. आपल्याकडे कोलकात्यात प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ मध्ये नाटककार-दिग्दर्शक उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरत जातं तो प्रसंग केवळ प्रकाशानं उभा केला. पाण्याचा थेंब नव्हता. तापस सेन यांच्याबद्दल मिळेल ते वाच.

एक धोका मात्र खोट्या आगीतही आहे. स्मोक मशिन लावलं की सभागृहाचा धुराचा गजर वाजतो, मग कोणीतरी शहाणा तो बंद करून ठेवतो. त्या रात्री खरा धूर झाला तरी कोणाला कळणार? म्हणून ज्याला दुसरं काहीही काम नाही असा एक माणूस फायर एक्स्टिंग्विशर घेऊन विंगेत उभा हवा. प्रयोग तिथेच थांबून हाऊसलाइट (प्रेक्षागृहातले दिवे) लागतील असा एक शब्द सगळ्यांना आधी माहीत हवा, आणि दारांच्या कड्या आपण स्वतः जाऊन बघायच्या. ३० डिसेंबर १९०३ ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये तर नाटकात आगीचा प्रसंगही नव्हता. दिव्याची ठिणगी पडद्याला लागली, आग अडवणारा पडदा खाली येताना मध्येच अडकला, बाहेरची दारं उघडेनात. सहाशेहून जास्त माणसं मेली. तुमच्यापासून दीड तासावर, कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळातली १९१५ ची वास्तू, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. तेव्हा प्रयोग चालू नव्हता हे नशीब.

शिक्षणाचं थोडक्यात. बारावीनंतर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशास्त्राची पदवी घेता येते. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स पदवीनंतर. आगीचं विज्ञानच आवडत असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात फायर इंजिनिअरिंग आहे. त्यासाठी प्रवेश परीक्षा आणि फिजिक्स दोन्ही नीट हवं. आणि लोक नाक मुरडतात तो आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, तोही मी या मुलीला बिनदिक्कत सुचवेन. प्रकाशयोजनेत वायर समजणाऱ्या माणसाला काम कमी पडत नाही, आणि वायर न समजणाऱ्यांमुळेच निम्म्या आगी लागतात असं माझं मत आहे.

बोर्डावर लावायचं सर्टिफिकेट मात्र मी सांगणार नाही. चार दिवसांच्या कार्यशाळेचा कागद भिंतीवर टांगून बंद सभागृहात ज्वाळा उडवण्याचा हक्क मिळत नाही. शोभेच्या दारूकामाला स्फोटक नियम, २००८ लागू होतात, सभागृहाला महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा. दोन्हींत "पोरीला अंग आहे" हा रकाना नाही.

डिसेंबरच्या मंडळींना सरळ फोन करा. सीन प्रकाशावर करायला तयार असतील तर एखाद्या अनुभवी प्रकाशयोजनाकाराला घ्या, आणि मुलीला वाटलं तर एखाद्या रविवारी तालमीत त्याच्या शेजारी बसू द्या, तेही सराव परीक्षा आड येत नसेल तरच. तयार नसतील तर ॲडव्हान्स परत करा. दोन्हींपैकी काय केलंत ते कळवा, आणि पुढचं पत्र तिचं असू द्या. मग तिच्याशी फॉर्मच्या तारखा बोलेन.