ख्रिस्ती लोक म्हणतात देव सगळ्यांवर प्रेम करतो, मग नरक कशाला ठेवलाय?

आधीच सांगतो, मी ख्रिस्ती नाही. गोव्यात बार्देशातल्या गावातला हिंदू, घरात कोकणी, वाचायला मराठी पेपर, आणि गडग्यापलीकडे तियाचं घर (आमच्याकडे वयस्कर ख्रिश्चन बाईला तिया म्हणून हाक मारतात). शाळा पण पाद्रींची. ख्रिश्चन पोरांचा कॅटेकिझमचा (धर्मशिक्षणाचा) तास असला की आम्हाला बाजूच्या वर्गात मोरल सायन्सला बसवायचे, पण भिंत अर्धीच होती त्यामुळे अर्धं बायबल फुकटात ऐकलंय.

आणि गोव्यात हा प्रश्न जरा खुपतोच. आमचं कुलदैवत मंगेश, मूळचा कुठ्ठाळीचा, १५६० साली पोर्तुगीजांच्या धाकाने नदीपार प्रियोळला न्यावा लागला. त्याच वर्षी इथे इन्क्विझिशन (धर्माविरुद्ध वागल्याचा आरोप ठेवून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) सुरू झालं ते मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्यामुळे 'प्रेमळ देव' म्हटलं की आमचे काका अजून नाक मुरडतात आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. पण तुम्ही विचारलंय ते त्यांच्या शिकवणीबद्दल, तर तेवढंच बोलतो.

देवाने माया करणं हे काही त्यांचंच नाही, आपण विठोबाला माउली म्हणतोच की. त्यांचा जोर कशावर आहे तर हे प्रेम आधी देवाकडून निघतं, माणूस चांगला वागला म्हणून बक्षीस मिळतं असं नाही. ख्रिस्ताचा सुरुवातीचा प्रचारक पौल बायबलातल्या पत्रात रोमकरांना लिहितो ते हेच, की माणसं अजून पापातच होती तेव्हाच ख्रिस्त त्यांच्यासाठी मेला. नवस बोला, फेडा, हा व्यवहार इथे लागूच होत नाही म्हणे. (प्रत्यक्षात म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला (चर्चमधल्या मेरीमातेला) नवस करणाऱ्यांत दोन्ही धर्मांची माणसं असतात, ते सोडा.) ग्रीकमध्ये याला 'अगापे' असा शब्द आहे, मराठी बायबलात 'प्रीती', आणि कोकणीत सरळ 'मोग', म्हणजे पोरगा पोरीवर करतो तो पण मोग आणि देव करतो तो पण मोगच.

आता नरक. त्यासाठी बायबलात लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट नीट बघायला लागते, आपल्याला सगळ्यांना ती अर्धीच माहीत असते. धाकटा बाप जिवंत असतानाच आपला वाटा मागतो, परदेशी जाऊन उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची वेळ येते आणि डुकरांच्या शेंगा खाव्याशा वाटतात इतकी भूक. मग घरी जायचं ठरवतो आणि वाटेसाठी भाषण तयार करतो, बाबा मी पाप केलं, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला एक गडी म्हणून ठेवा. बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो, गळ्यात पडतो. पोरगा भाषण सुरू करतो, आणि इथे बघा, 'गडी म्हणून ठेवा' हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही, त्याआधीच बाप नोकरांना झगा आणा, अंगठी आणा, चपला आणा म्हणून सांगायला लागतो. मला विचाराल तर त्यांचं देवाचं प्रेम म्हणजे हे न बोललेलं वाक्य.

पण गोष्ट तिथे संपत नाही. मोठा भाऊ शेतातून येतो, आत गाणं-नाच ऐकतो आणि रागाने बाहेरच थांबतो. एवढी वर्षं राबलो, मला मित्रांबरोबर मजा करायला एक करडू दिलं नाहीस. बाप त्याच्यासाठी पण बाहेर येतो, समजावतो, माझं आहे ते सगळं तुझंच आहे म्हणतो. आणि मोठा आत गेला का नाही ते लिहिलेलंच नाही.

मी मोठा भाऊ आहे, खरोखरचा. धाकट्याने वाटण्या करून रस्त्याकडचा तुकडा दिल्लीच्या पार्टीला विकला आणि दोन वर्षांत मांडवीतल्या बोटींवर घालवला, तेव्हा गोंयकारांना कॅसिनोत बंदी आली नव्हती. गणेशचवथीच्या आदल्या दिवशी एक बॅग घेऊन दारात उभा. मी माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधत होतो, आई हाताचं पीठ न धुताच बाहेर आली, त्याच्या शर्टावर पाठीला दोन पांढरे पंजे उमटले ते मला अजून दिसतात. त्याला पहिल्या घाणातल्या नेवऱ्या (करंज्या). मी बाहेर फणसाखाली जाऊन उभा राहिलो, आमच्या घरात कुणी बायबल वाचलेलं नाही तरी अगदी तसाच. तिया गडग्यावरून सगळं बघत होती, म्हणाली, "तूं भायर कित्याक उबो रे पुता, तुका कोणें भायर काडलो?" (बाहेर का उभा रे बाळा, तुला कुणी बाहेर काढलं?)

तियाच्या त्या प्रश्नात जे आहे, कॅथलिक चर्चची नरकाबद्दलची अधिकृत शिकवण जवळपास तीच आहे. नरक म्हणजे देवापासून माणसाने स्वतःच स्वतःला कायमचं बाहेर ठेवणं. प्रेम जबरदस्तीने आत ओढत नाही म्हणून बाहेर राहायची सोय आहे, असं ते म्हणतात. सगळ्या पंथांना हे मान्य नाही, कोणी नरक म्हणजे शिक्षाच मानतं, उलट ओरिजेनसारखे जुने विचारवंत शेवटी सगळेच परत येतील म्हणत होते. मला स्वतःला 'कायमचं' हा शब्द पटत नाही. ज्या बापाची धावायची सवय आहे तो कधीतरी थांबतो हे डोक्यात बसत नाही.

मी त्या दिवशी आत गेलो, अर्ध्या तासाने, नेवऱ्या गार झाल्यावर. धाकट्याशी बोलायला दिवाळी लागली.

वाचायचंच असेल तर लूक १५, ओव्या ११ ते ३२, दहा मिनिटं पण लागत नाहीत. जुनी मराठी झेपत असेल तर फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण बघा, इंग्रज पाद्री, पुस्तक १६१६ साली गोव्यातल्या राशोलला रोमन लिपीत छापलेलं पण भाषा आपली मराठी, ओवीतच. आता देवनागरीत मिळतं.