बायपोलर आजारात योग करावा का? गोळ्या सुटतील का?

तुमच्या बहिणीला बायपोलर, म्हणजे मूड कधी उन्मादाच्या (अतिउत्साहाच्या) तर कधी नैराश्याच्या टोकाला नेणारा आजार आहे, आणि तिला योगवर्गात कुणीतरी ‘प्राणायाम कर, गोळ्या सुटतील’ असं सांगितलंय. आधी त्याचं उत्तर: नाही. लिथियम किंवा दुसरी कुठलीही मूड स्थिर ठेवणारी गोळी डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. लिथियम अचानक बंद केलं की उन्माद परत उसळण्याचा धोका मोठा असतो.

योग मात्र जरूर करू द्या, औषधांच्या जोडीला. सावकाश आसनं, शवासन, संथ श्वसन यांनी मन निवतं, झोपेलाही मदत होते. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत योग करणाऱ्या बायपोलर रुग्णांपैकी बऱ्याच जणांनी फायदा सांगितला, पण काहींची अस्वस्थता त्यातूनच वाढली होती.

म्हणून कपालभाती, भस्त्रिका असले वेगवान प्रकार टाळा. ती खूप बोलू लागली, कमी झोपू लागली असेल तेव्हा तर नक्कीच. लिथियम चालू असेल तर शंखप्रक्षालन (मिठाचं पाणी पिऊन पोट साफ करण्याची क्रिया), कडक उपास, घामाघूम करणारा योग नकोच. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगितली गेली पाहिजे, असं मला फार वाटतं.

आणि योगासाठी तिला पहाटे चारला उठवू नका! अपुऱ्या झोपेनं उन्माद सुरू होऊ शकतो. संध्याकाळचा वर्ग बघा, शिक्षकांना आजाराची कल्पना द्या. मध्येच काही बिघडलं आणि डॉक्टर भेटत नसतील, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.