मुलगा चर्चला यायला कुरकुरतो, ख्रिस्ती बापानं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा चौदा वर्षांचा, नाशिकहून बदली होऊन वर्षभरापूर्वी तुम्ही इंदूरला आलात, रविवारी चर्चला निघताना तो कुरकुर करतो, घरच्या प्रार्थनेत आईशेजारी बसतो पण तुमच्याशी धड बोलत नाही. पाळकसाहेब म्हणतात, यंदा दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गाला घाला. आणि विश्वासात खंबीर असा पुरुष म्हणून त्याला उभं कसं करायचं, हे तुम्हाला कळत नाहीये.

मी इंदूरचाच. आजोबा नगरहून इथल्या गिरणीत कामाला आले आणि इथलेच झाले. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, म्हणजे आम्ही अहिल्याबाईंच्या माहेराहून सासरी आलो म्हणायचं.) सियागंजात हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. दोन मुलगे, थोरला नोकरीला लागला, धाकटा बारावीत. मी पाळक नाही, सेमिनरीचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा जे लिहितोय ते एका बापाचं मत म्हणून घ्या.

आधी एक शंका. तुमचा मुलगा कुरकुरतो ते देवावर की चर्चवर? नाशिकला तो मराठी उपासनेत वाढला. इथे १८७७ मध्ये कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन आलं, त्यांचं काम हिंदीत वाढलं आणि आजही इथली बरीचशी उपासना हिंदीत चालते. दारात 'जय मसीह की', आत सगळी गीतं अनोळखी, ओळखीचं एक पोरगं नाही. चौदाव्या वर्षी सगळे गात असताना ओठ मिटून उभं राहणं किती अवघड असतं! आमच्या घरी अजून रविवारी संध्याकाळी मराठी गायनं होतात, सकाळी हिंदी आणि संध्याकाळी मराठी. तुम्हीही सुरू करा. त्यानं विश्वास सोडलाय असं आत्ताच ठरवू नका, कदाचित त्याचे मित्र सुटलेत एवढंच असेल.

आता मुद्द्याचं. मला वाटतं, आपण मुलांना विश्वास फुकटात मिळणारी वस्तू असल्यासारखा दाखवतो. इस्त्रीचे कपडे, कॉयर, नाताळचा केक, संडे स्कूलचं बक्षीस. आपल्याला तो कुठे महाग पडतो, हे त्यांच्या नजरेला पडतच नाही. आणि या वयाचा मुलगा नेमकं तेच न्याहाळत असतो: बाप म्हणतो ते त्याला स्वतःला खरं वाटतं का, आणि वाटत असेल तर त्यासाठी तो काही मोजतो का? म्हणून जिथे मोजावं लागतं तिथे मुलाला सोबत न्या.

माझ्या धंद्यात गिऱ्हाईक आधी भाव विचारतं आणि मग हळूच, "कच्चं बिल चालेल ना?" बहुतेक मालावर १८ टक्के जीएसटी, तेवढे वाचतात. मी कच्चं देत नाही, त्यामुळे काही ठेकेदार माझ्याकडून उठून पुढच्या दुकानात जातात. थोरला कॉलेजात असताना सुट्टीत गल्ल्यावर बसायचा. त्यानं एकदा हिशेब मांडून दाखवला की या हट्टापायी वर्षाला किती जातात. आकडा बरोबर होता. मी म्हटलं, बरोबर आहे, आणि तरीही रविवारी ज्याची क्षमा मागायची तेच सोमवारी गल्ल्यात टाकणं मला जमणार नाही. त्याला ते पटलं नाही. हा वाद आमच्यात अजून अधूनमधून रंगतो आणि मला तो कुठल्याही वर्गापेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यात आम्ही दोघं खरं बोलतो.

तुम्ही नोकरदार आहात. तुमच्याकडे कच्चं बिल नसेल, पण टूरची खोटी बिलं असतील, साहेबासाठी मारायची थाप असेल, खात्यातल्या एखाद्यावर सगळे मिळून ढकललेला दोष असेल. अशा वेळी तुम्ही काय केलंत ते जेवताना सांगा. तात्पर्य मात्र सांगू नका. मुलांना तात्पर्याचा वास दुरून येतो.

बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवायच्या वेळा दिल्या आहेत: घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. म्हणजे रोजचं, मध्येमध्ये, हातातलं काम चालू असताना. पितृदिनाच्या उपदेशात हमखास येतो तो दावीद राजानं मरताना मुलाला, शलमोनाला केलेला बोध, १ राजे, दुसरा अध्याय. देवाच्या वाटेनं चाल, पुरुषासारखा खंबीर हो वगैरे. उपदेशक सहसा तिथेच थांबतात. तुम्ही पुढे वाचा. त्याच बिछान्यावरून, लगेचच, दावीद मुलाला सांगतो की सेनापती यवाबाचे पांढरे केस सुखानं कबरेत जाऊ देऊ नकोस आणि मला शाप देणाऱ्या शिमीलाही सोडू नकोस. बोध आणि उरलेले सूड, दोन्हींचा वारसा एकदमच! त्याच्या आदल्याच अध्यायात दाविदाच्या दुसऱ्या मुलाविषयी, अदोनीयाविषयी, एक ओळ आहे, की "तू असं का केलंस" असं विचारून बापानं त्याला कधी दुखवलं नव्हतं. मला ही ओळ साऱ्या शास्त्रात बापांसाठी सगळ्यात बोचरी वाटते. लढाया, स्तोत्रं, राज्य, सगळं जमलेल्या माणसानं मुलाला एक प्रश्न विचारला नाही.

याउलट योसेफ, मरीयेचा नवरा. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. पण नासरेथची माणसं येशूला 'सुताराचा मुलगा' म्हणतात, आणि मार्कच्या शुभवर्तमानात तर येशूलाच सुतार म्हटलंय. हे काम त्यानं बापाच्या शेजारी उभं राहूनच उचललं असणार.

मुलगा आईशेजारी बसतो याचं वाईट वाटून घेऊ नका. तीमथ्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला, बाप हेल्लेणी (ग्रीक) होता, विश्वासी असल्याचा उल्लेखसुद्धा नाही. पुढे प्रेषित पौलानं त्याला लेकरू मानून सोबत फिरवलं. तेव्हा आई काय देते आहे ते देऊ द्या, आणि तुमच्यावाचून दुसरा एखादा पुरुष त्याला जवळचा वाटला, मंडळीतला (चर्चमधला) एखादा काका, कॉयरमास्तर, तर मत्सर करू नका. फक्त ते कोण आहेत, काय बोलतात, कुठे भेटतात, यावर डोळा ठेवा. मंडळीतला आहे म्हणून डोळे झाकून कुणाच्या हवाली करायचं नसतं.

'ख्रिस्ती पुरुषत्वा'वरचे व्हिडिओ हल्ली खूप फिरतात, शिबिरंही होतात. सिंह, तलवारी, दंड, डरकाळ्या. मला त्यात ख्रिस्त फारसा दिसत नाही. इफिसकरांस पत्रातलं 'स्त्रियांनो अधीन असा' हे या लोकांना पाठ असतं. त्याच्या आधीचं 'एकमेकांच्या अधीन असा' आणि नंतरचं नवऱ्यांना सांगितलेलं, ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला तशी प्रीती करा, हे मात्र जिभेवरून निसटतं. तुमची बायको आजारी पडेल तेव्हा स्वयंपाकघरात कोण उभं राहतं, हे मुलगा बघतो. त्याच्या संसारात तो तेच करणार.

आता एक गोष्ट, जी नाशिकपेक्षा इथे जास्त टोचेल. शाळेत किंवा फोनवर त्याला कधीतरी कुणीतरी 'राइस बॅग' म्हणेल, तांदळाच्या गोणीसाठी धर्म विकला म्हणेल. कदाचित म्हणूनही झालं असेल आणि त्यानं तुम्हाला सांगितलं नसेल. चर्चला यायची कुरकुर तिथूनही येऊ शकते. मध्य प्रदेशात धर्मांतराविरुद्धचा कायदा १९६८ पासून आहे, २०२१ मध्ये तो नव्यानं आणि कडक होऊन आला, त्यामुळे हा विषय इथे हवेत असतोच. बाहेरच्या कुणी सांगण्याआधी घराण्याचा इतिहास तुम्ही त्याला सांगा, आणि खरा सांगा. नगरकडच्या आमच्यासारख्या पुष्कळ घराण्यांची ख्रिस्ती होण्याची गोष्ट १८७६ ते ७८ च्या दुष्काळाच्या आसपासची आहे. भूक होती, हे लपवायचं कशाला? पण ज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते, त्यांच्या पोरांना शाळेत बाकावर बसायला मिळालं, हेही तेवढंच खरं. भाकरी हातावर ठेवणारा माणूस आपल्याला माणूस समजतो, हे कळल्यावर त्याचा देव कोण असं एखाद्याला विचारावंसं वाटलं, तर त्यात लाज कसली? मी मुलांना हे सगळं सांगितलंय. टोमणा मारणाऱ्याशी मारामारी करायची नाही, खाली मानही घालायची नाही, आणि घरी येऊन त्याच्या धर्माला नावं ठेवायची नाहीत. धाकट्याला यातलं तिसरं सगळ्यात जड गेलं. आमच्या वाड्यातल्या गणपतीची आरती त्यालाही तोंडपाठ आहे, मित्रांची घरं त्याला आपलीच वाटतात, म्हणूनच त्याला जास्त लागलं असावं.

मंडळीतलं कुणी एमवाय हॉस्पिटलमध्ये भरती असलं की मी मुलाला घेऊन जातो. थर्मासमध्ये चहा, चार पोळ्या, रात्रभर जागलेल्या नातेवाइकाला दोन तास सुट्टी देऊन त्याच्या जागी बसायचं. शेजारच्या खाटेवर कोण कुठल्या धर्माचं आहे बघायचं नाही, चहा उरला तर त्यांनाही द्यायचा, आणि धर्माचं एक अक्षर काढायचं नाही. पहिल्यांदा तुमचा मुलगा कंटाळेल, फोन काढेल. काढू दे. रुग्णाला बाथरूमपर्यंत धरून न्यायची वेळ आली की फोन आपोआप खिशात जातो.

फोनवरून आठवलं. त्यावर तो काय बघतो, हा विषय तुम्ही लिहिला नाहीत, पण चौदाव्या वर्षी तो असतोच. आपल्या मंडळ्या यावर गप्प, आईनं बोलणं अवघड, म्हणजे हे तुमच्याच वाट्याचं आहे. समोरासमोर बसवून बोलू नका, दोघंही गोठतात. स्कूटरवर बोला. तो मागे, तुम्ही पुढे, नजरानजर नाही. शरीराला होतं ते पाप नाही हे आधी सांगा, त्याशिवाय पुढचं तो ऐकणार नाही. मग सांगा की त्या व्हिडिओतली बाई कुणाची तरी मुलगी आहे, तिथे ती कशी पोचली हे आपल्याला ठाऊक नसतं. आणि तुमच्या स्वतःच्या फोनवर काय येतं, ग्रुपवर कसले विनोद फिरतात, ते आधी साफ करा. मुलांना आपले पासवर्ड माहीत असतात.

पौलानं बापांना थेट उद्देशून फार कमी लिहिलंय, आणि त्यातही आधी काय, तर मुलांना चिरडीस आणू नका. शिस्त आणि शिक्षण त्याच्या नंतर. रोज टोकणं, चारचौघांत साक्ष द्यायला उभं करणं, चुलतभावाला किती वचनं पाठ आहेत ते ऐकवणं, हे सगळं चिरडीस आणणंच आहे. जबाबदारी मात्र द्या, खरी द्या. घराचा दशांश (देवासाठी काढलेला उत्पन्नाचा दहावा भाग) कुठे किती जावा हे आमच्याकडे वर्षातून एकदा चौघं मिळून ठरवतो. धाकट्यानं एका वर्षी चर्चच्या रंगकामाऐवजी एका विधवा बाईच्या मुलीची फी भरायला लावली. पाळकसाहेब जरा नाराज झाले.

राहिला दृढीकरणाचा प्रश्न. वर्गाला घाला, माहिती मिळाली तर वाईट काही नाही, पण शेवटी हो की नाही हे त्याचं त्याला म्हणू द्या. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. एवढ्या ताकदीच्या माणसाच्या घरातही दुसऱ्याला आपल्या पायांनी यायला पाच वर्षं लागली. तुमच्या मुलाच्या वर्गातल्या सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवले जातील आणि हा मागच्या बाकावर बसलेला असेल, नातेवाईक फोन करतील, लोक विचारतील. विचारू देत. तो 'नाही' म्हणाला तर पाळकसाहेबांना सांगायला त्याला पाठवू नका, तुम्ही स्वतः जा.